बाईजाच्या खाचरातलं रानभात

बाईजाने उभं गव्हाचं शेत आयुष्यात पाहिलं नाही. गव्हाची पोळी तिने खाल्ली ती शहापूरच्या दवाखान्यात, पायाला नारू झाला तेव्हा. वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी तिची वाडी. तिथे भात, नाचणी, वरई, एवढंच पिकायचं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण तिच्या हातून पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा होता.

माहेर तिचं आटगावकडचं. सोळाव्या वर्षी नामाला दिली आणि एकविसाव्या वर्षी नामा गेला. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढला होता. राब म्हणजे शेताच्या एका कोपऱ्यात पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं पहिलं बी टाकायचं. रोपं वीतभर झाली की तिथून उपटून सगळ्या शेतात लावायची. नामा तोडलेल्या फांदीसकट खाली आला. त्याने तोडलेला पाला झाडाखाली तसाच पडून होता. बारावं झाल्यावर धाकट्या भावाने, लडकूने, तो उचलला, राबावर पसरला आणि पेटवला. बाईजा बांधावर बसून धूर बघत होती.

दोघा भावांची खाचरं एकाखाली एक होती. वरचं नामाचं, खालचं लडकूचं, मध्ये कमरेएवढा बांध. बाईजाला मूलबाळ नव्हतं. वाडीतली जाणती माणसं म्हणाली, बाई माहेरी जाईल, शेत धाकट्याला राहू दे. लडकू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो म्हणाला, "वैनी कसते तवर शेत वैनीचं. कसायची थांबली का मंग बघू."

या एका वाक्यावर बाईजा सासरी राहिली. लडकू तिचं खाचर आधी नांगरून द्यायचा, मग आपलं. त्याची बायको जनाबाई यावर कधी कधी भांडी आपटायची, पण आवणीला, रोपं लावताना, मात्र दोघी जावा एकाच ओळीत वाकायच्या.

नारू झाला ते साल छत्तीसचं. तिचा माहेरचा भाऊ रघू येऊन तिला बैलगाडीत घालून घेऊन गेला आणि शहापूरला मिशनच्या दवाखान्यात ठेवली. नऊ आठवडे ती तिथे होती. नारू म्हणजे कातडीखालचा जंत; त्याचं दोऱ्यासारखं तोंड बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, फार तर दोन बोटं, काडी फिरवायची. पहिल्याच दिवशी बाईजाने वैतागून हात घातला, तेव्हा मार्थाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"ओढायचं नाही. ओढलं की तुटतो, आणि आत राहिलेला पाय सडवतो. धीर धर."

मार्थाबाई नगरकडच्या, मास्तरांच्या घरातल्या. दवाखान्यात बायकांना गोष्टी सांगायच्या, अक्षरं शिकवायच्या. अक्षरं बाईजाच्या डोक्यात शिरली नाहीत. गोष्टी मात्र शिरल्या, कारण त्या शेताच्या होत्या. पहिली गोष्ट पेरणाऱ्याची. एक माणूस बी पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकावर पडलं ते करपलं, काही काट्यांत गुदमरलं आणि काही चांगल्या मातीत पडलं त्याचं शंभरपट झालं.

"बाय, त्याचा राब नवता?" बाईजाने विचारलं.

मार्थाबाईंना राब ठाऊक नव्हता. बाईजाने सांगितला. त्या हसल्या. "अगं, तिकडे मुठीने फेकत जातात."

घरी आल्यावर ही गोष्ट तिने लडकूला सांगितली, तर तो नांगराचा फाळ ठोकता ठोकता थांबला. "वाटंवर बी टाकतो? आणि असल्या मानसाला शेत दिलं कोनी? माझी जना सुपातून दाना सांडू देत नाय." त्यानंतर बरेच दिवस कुणाच्या हातून काही सांडलं की तो म्हणायचा, "आला वैनीचा पेरनारा."

पण बाईजाच्या काळजात राहिली ती दुसरी गोष्ट. एकाने शेतात गहू पेरला. माणसं झोपली असताना वैरी आला आणि गव्हात निदण, गव्हासारखंच दिसणारं तण, पेरून गेला. दोन्ही बरोबर उगवली. गडी म्हणाले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको. निदण उपटताना गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कापणीच्या वेळी निदण वेगळं बांधून जाळू आणि गहू कोठारात घालू.

रोज काडी बोटभर फिरत होती आणि बाईजा ही गोष्ट ऐकत होती. ओढायचं नाही, उपटायचं नाही. पाय बरा झाला. तिला वाटलं, हे सगळं एकच आहे, आणि ते आपल्यालाच सांगितलेलं आहे.

दोन वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला. तिला कुणी मारलं नाही, हाकलली नाही. फक्त सावड बंद झाली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून याच्या शेतात, उद्या त्याच्या. पहाटे एक जण दारोदार हाक देत जायचा, "आज बुधूच्या आवणीला चला." ती हाक आता बाईजाच्या दारावरून पुढे जाऊ लागली. आधीच्या घराशी हाक व्हायची, पुढच्या घराशी व्हायची, आणि मध्ये नुसती पावलं वाजायची. लडकू तेवढा नांगर घेऊन येत राहिला. जाणत्यांनी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "बैल काय बाटत नाय. त्यांनी नांगरलं, मी नुसता मागनं चाललो."

चाळीस सालचा श्रावण. आवणी होऊन महिना झाला होता आणि बाईजाच्या खाचरात रानभात दिसायला लागलं होतं.

रानभात हे भातासारखंच भात. तेच पान, तीच उंची. निसवेपर्यंत, म्हणजे लोंबी बाहेर पडेपर्यंत, नवख्याला ओळखता येत नाही; जाणती बाई बुंध्याची लाली बघून आणि पानाला बोट लावून ओळखते. दरसाल थोडं असायचंच. बेणणीला, तण काढायला, वाकलं की तेही हाताबरोबर निघायचं. त्या वर्षी जास्त होतं, बी कुठल्या शेणातून आलं कोण जाणे. बाईजा इरलं घेऊन वाकली, एका बुंध्याला हात घातला आणि तशीच राहिली.

आदल्या वर्षी एकटीने बेणताना घाईत तिने भाताचे चांगले चूड, रोपांचे झुबके, उपटले होते, हे तिला आठवलं. आणि दुसरंही एक होतं, जे तिने कुणाला सांगितलं नसतं. वाडीच्या लेखी ती स्वतःच रानभात झाली होती. दिसायला सगळ्यांसारखी, आणि सगळ्यांतली नाही. तिला उपटून टाकलं नाही तो लडकूचा उपकार, आणि त्याच्या वरचा त्या मालकाचा, जो राहू द्या म्हणाला. मग आपण कोण उपटणार?

तिने हात काढून घेतला.

खालच्या खाचरातून जनाबाईने पाहिलं. "काय गो बाय, कंबार धरली? येऊ का वर?"

"नको. या साली बेनत नाय मी."

"म्हंजे?"

"कापनीला निवडीन. वेगळं बांधीन न जाळीन."

जनाबाई सरळ उभी राहिली. "रानभात? कापनीला? कोनी सांगितलं तुला?"

"शहापूरच्या बाईंनी. देवाची गोष्ट हाय ती."

"तुझ्या देवाला सांग, खाली माझं शेत हाय," जनाबाई म्हणाली, आणि पुन्हा वाकली. घरी जाऊन तिने लडकूला सांगितलंही. लडकू म्हणाला, "एक साल करू दे तिच्या मनासारखं. बाई एकटी हाय." असा तो होता.

भाद्रपदात रानभात निसवलं. भाताच्या आधी, आणि लांब लांब कुसळं घेऊन. बाईजाला ते स्पष्ट वेगळं दिसू लागलं, आणि तिला बरंच वाटलं. गोष्टीत सांगितलं तसंच होत होतं. आश्विनात शेत वाळायला हवं म्हणून वरच्या खाचरांचे लोक बांधाला तोंड पाडून पाणी खाली सोडतात. बाईजानेही सोडलं. कुदळीचे चार घाव तिने स्वतःच्या हाताने घातले. पाणी खाली लडकूच्या खाचरात उतरलं, आणि पाण्यावर बारीक काळपट असं काही तरंगत गेलं. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पंधरा दिवसांनी कोयता आणि दोन दोऱ्या घेऊन ती कापायला उतरली. एक दोरी भाताला, एक रानभाताला. रानभाताच्या पहिल्या लोंबीला हात लावला. लोंबी रिकामी होती. दुसरीही. तिसरीवर चार दाणे होते, ते हात लागताच खाली पडले. तिने खाली बसून पाहिलं. सगळ्या खाचरात, चुडाचुडांच्या मधे, कुसळाचे दाणे भेगांत शिरून बसले होते.

भात कापणीपर्यंत लोंबीला धरून असतं. रानभात नसतं. पिकता पिकताच गळतं, आणि चिखलात गेलं की वर्षानुवर्षं मरत नाही. वाडीतल्या पोरीलाही हे ठाऊक होतं. बाईजालाही ठाऊक होतं. गव्हातलं निदण कसं वागतं हे तिने पाहिलं नव्हतं, आणि गोष्ट ऐकताना रानभाताचं हे तिने बाजूला ठेवलं होतं.

पुढच्या साली वरच्या खाचरात निम्मं रानभात आलं. खालच्या खाचरातही आलं, बांधाच्या तोंडापासून पंख्यासारखं पसरत. दोघी जावांनी बेणलं, लडकूने बेणलं, त्याच्या सात वर्षांच्या लेकीने, भागीनेही बेणलं. तरी पुरं निघालं नाही. जे राहिलं ते गळलं. बेचाळीसला लडकूच्या शेतात जिथे दहा मण व्हायचे तिथे तीन मण झाले. आणि साल कसलं, तर लढाईचं. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला होता, मुरबाडच्या दुकानात दाणा नव्हता. पोरं वरईच्या पेजेवर होती, तीही दिवसातून एकदा.

लडकूने या सबंध काळात तिला एक शब्द विचारला नाही. दिवाळीनंतर तो आटगावच्या रानात कोळशाच्या भट्टीवर निघाला. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मुंबईच्या मोटारी तेव्हा कोळशावर चालवत, भट्ट्यांना माणूस हवा होता, आणि मजुरीबरोबर धान्य मिळत होतं. निघताना बाईजाच्या दारात थांबला.

"वैनी, तुझ्या म्हायेराकडे चाललोय. रघूला काय सांगायचं?"

"भावजी, माझ्यानी चुकलं," बाईजा म्हणाली.

त्याने खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. "पेरनारा वाटंवरनं गेला, असं धर," म्हणाला, आणि थोडा हसला.

फाल्गुनात रघू निरोप घेऊन आला. लडकूला थंडीताप भरला, भट्टीजवळ झोपडीत चार दिवस होता, पाचव्या दिवशी गेला. तिथेच जाळला. लाकडाला तिथे तोटा नव्हता, असं रघू बोलून गेला.

बाईजा जनाबाईच्या ओटीवर गेली. बायका जमल्या होत्या. जनाबाई रडत नव्हती. तिने बाईजाकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत सावकाश म्हणाली, "आलीस? तुझी कापनी झाली का आता?"

बाईजा पायरीवरून मागे फिरली.

तिसऱ्या दिवशी ती शहापूरला निघाली. सरळगाव, किन्हवली करत दोन दिवस चालली. ओच्यात दोन वाळलेल्या लोंब्या बांधल्या होत्या, एक भाताची, एक रानभाताची. दाणे नसलेल्या, नुसत्या काड्या. मार्थाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. बाईजाने दोन्ही लोंब्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"बाय, यातलं भात कंचं?"

मार्थाबाईंनी चष्मा लावला. दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. "मला नाही सांगता येत, बाईजा."

मग बाईजाने सगळं सांगितलं. मार्थाबाईंनी लोंब्या टेबलावर परत ठेवल्या. शेवटी म्हणाल्या, "गोष्ट माणसांची आहे, बाई. माणसाने माणसाला उपटून टाकू नये, न्याय देवावर सोडावा, एवढाच तिचा अर्थ. शेताला लावायची नव्हती."

"मंग शेताची कशाला केली?"

"ज्यांना सांगितली ते शेतकरी होते. मालक उपटू नका म्हणाला याचं त्यांनाही नवल वाटलं असेल. म्हणून तर लक्षात राहिली."

"हे तुमी तवा नाय सांगितलं."

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. "मलाच ठाऊक नव्हतं. मी कधी चिखलात पाय घातला नाही."

त्यांनी प्रार्थना केली. बाईजाने डोळे उघडे ठेवून ऐकली. देवावर ती रुसली नव्हती. पण त्या गोष्टीतल्या वैऱ्याचा चेहरा तिला आतापर्यंत कधी दिसला नव्हता, आणि आता पाण्याच्या भांड्यात बघावं तसा तो दिसत होता.

परतताना ती आटगावला रघूकडे राहिली. भट्टीची जागा बघून आली. तिथे राखेचा काळा गोल होता आणि त्यावर कोवळं गवत आलं होतं. रघूच्या सासऱ्याकडे जुन्या जातीचं एक भात होतं, ज्याचं पान जांभळट काळं असतं. खायला जाडंभरडं, म्हणून कुणी लावत नसे. म्हाताऱ्याने ते मूठभर नेमाने राखलं होतं, कारण ज्या शेतात रानभात माजतं तिथे हे लावलं की काळ्यात हिरवं लगेच उठून दिसतं आणि उपटता येतं. बाईजाने ते बी मागून घेतलं.

वाडीत आल्यावर ती जाणत्यांच्या बैठकीत गेली. बायका तिथे जात नसत.

"वरचं खाचर यंदा मी लावत नाय," ती म्हणाली. "पाऊस पडंल तसं रानभात उगवंल, ते नांगराखाली गाडायचं. परत उगवंल, परत गाडायचं. वरचं साफ झाल्याबिगर खालचं होनार नाय, पानी वरनंच येतं. भावजी बोलले व्हते, कसते तवर माझं. आता मी कसत नाय. शेत जनाचं."

बुधू म्हणून एक म्हातारा होता, तो म्हणाला, "आणि तू काय खाशील?"

"जनाच्या बेननीला जाईन. देईल ते खाईन."

जनाबाई दाराआड उभी होती.  ती नको म्हणाली नाही.

दोन वर्षं वरचं खाचर लावणीविना राहिलं. वाडीत हसले लोक. सबंध पावसाळा पाण्याने भरलेलं शेत, आणि त्यात एक बाई भाड्याच्या बैलामागे गुडघाभर चिखलात, काहीच न लावता. उगवलेलं गाडायचं, पाणी साठवायचं, पुन्हा वाट बघायची. खालच्या खाचरात तिने काळ्या पानाचं भात वाढवलं, मुठीचं सूपभर आणि सुपाचं पायलीभर करत. जनाबाईबरोबर ती एका ओळीत वाकायची. बोलणं कामापुरतं. "तिकडं राहिलं," जनाबाई म्हणायची, आणि बाईजा तिकडं जायची. संध्याकाळी जनाबाई पेज द्यायची, ओटीच्या कडेला ठेवून.

पंचेचाळीसला वरही काळं भात लावलं. जिथे हिरवं दिसेल तिथे बाईजा उतरायची, बुंधा बोटांनी धरून मुळासकट काढायची, ओच्यात घालून घरी आणायची आणि चुलीत जाळायची. बांधावर ठेवायची नाही.

सेहेचाळीसच्या आश्विनात पाणी सोडायच्या आदल्या दिवशी जनाबाई एकटी दोन्ही खाचरांच्या बांधांवरून फिरली. सकाळभर फिरली. भागी आता बारा वर्षांची झाली होती, ती बाईजाच्या शेजारी उभी होती. जनाबाई फिरून आली, पाय धुतले आणि बांधाकडे तोंड करून म्हणाली, "शेत परत आलं. मानूस नाय यायचा."

"नाय," बाईजा म्हणाली.

दसऱ्याला घरोघर नवं करतात. कापणीआधी खुडलेल्या लोंब्यांचा भात शिजवून पहिला घास देवापुढे ठेवायचा, मग घरच्यांनी खायचं. बाप्तिस्मा घेतल्यापासून बाईजा नवं खायची नाही. देवापुढचं खाऊ नये असं तिला शिकवलेलं होतं, आणि कुणी आणूनही देत नसे. त्या दसऱ्याला दुपारी जनाबाई पळसाच्या पानावर भात घेऊन आली. तिच्या उंबऱ्याशी बसली आणि पान आत सरकवलं.

"देवाला दाखवलेला नाय. तुझा आधी काढला," म्हणाली.

बाईजाने पान पुढे घेतलं. जाडाभरडा काळ्या पानाचा भात, वर मीठ. तिने डोळे मिटले, ओठ हलवले. डोळे उघडून घास घ्यायला हात घातला तेव्हा तिला दिसलं. पांढऱ्या भातात एक लाल शीत होतं. रानभाताचा तांदूळ लाल असतो.

तिने जनाबाईकडे पाहिलं. जनाबाई बाहेर, बांधाकडे बघत होती.

बाईजाने ते शीत दोन बोटांनी वेगळं काढलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि भात खाल्ला. पान पुसून खाल्लं. जनाबाई पान घेऊन गेल्यावर ती उठली, कोयता घेतला आणि वरच्या खाचरात उतरली, जिथे कापायला अजून आठ दिवस होते, आणि पहिल्या ओळीपासून एकेक चूड हाताने बाजूला करत बघू लागली.